अ‍ॅक्रोपोराचा टिश्यू बुडापासून सुटतोय: आधी कडा वाचा, मग बाटली उघडा

प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीतल्या घरात ३०० लिटरची, १४ महिन्यांची रीफ टाकी, म्हणजे जिवंत कोरलांची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी. साधारण दहा दिवसांपासून दोन अ‍ॅक्रोपोरा (फांद्यांचे दगडी कोरल) बुडापासून पांढरे होत वर चाललेत, एका मॉन्टिपोरा कोरलची कड गेली आहे, टॉर्च कोरल दिवसभर आक्रसून असतो. अल्कलिनिटी (पाण्यातला कार्बोनेटचा साठा, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात; डीकेएच हे तिचं एकक) ९.८ डीकेएच (पूर्वी ८), कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३५०, नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तापमान २६ अंश, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) १.०२६, पीएच ७.९. साडेतीन आठवड्यांपूर्वी मिठाचा ब्रँड बदलला आणि काचेवर शैवाल दिसलं म्हणून फॉस्फेट शोषणारं जीएफओ लावलं. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदललं जातं, असं तीनदा झालं. मासे, कोळंबी, गोगलगायी ठणठणीत. आयोडीन टाकू, अँटिबायोटिक टाकू की दोन्ही?

आज टाकीत काहीही टाकू नका. तुम्ही दिलेल्या आकड्यांतच कारण जवळजवळ उघडं पडलं आहे: अल्कलिनिटी चढली आणि नेमकं त्याच वेळी पाण्यातलं पोषण संपलं. तरी खात्री करून घ्यायला हवी, कारण बुडापासून टिश्यू, म्हणजे कोरलचं जिवंत कातडं, सुटण्याची आणखी एक-दोन कारणं आहेत आणि त्यांतल्या किड्यांवरचा इलाज पूर्ण वेगळा आहे. ती खात्री बाटलीतून होत नाही. जिवंत टिश्यू आणि उघडा सांगाडा जिथे भेटतात ती कडा बघून होते.

पंप बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या आणि भिंगातून किंवा फोनच्या मॅक्रो लेन्सने ती कडा बघा. पहिली गोष्ट, हे ब्लीचिंग नाही ना? ब्लीचिंगमध्ये टिश्यू जागेवरच असतो, फक्त त्यातलं शैवाल गेलेलं असतं. पारदर्शक कातड्याखाली पांढरा सांगाडा दिसतो आणि पॉलिप (कोरलचे इवले तोंडवाले जीव) अजून बाहेर येतात. त्याला कमी प्रकाश आणि वेळ लागतो. तुमच्याकडे जे चाललंय त्यात सांगाडा उघडा आहे, कोरलाइटचे, म्हणजे एकेका पॉलिपच्या घराचे, खळगे रिकामे, धारदार दिसतात.

दुसरी गोष्ट, पांढऱ्या पट्ट्याची रुंदी. उघडा पडलेला सांगाडा तीन-चार दिवस दुधासारखा शुभ्र राहतो, मग त्यावर हिरवट-तपकिरी शैवालाची साय धरते. त्यामुळे शुभ्र पट्टा पाच-सहा मिलिमीटर असेल आणि खाली हिरवट झालेला भाग असेल, तर वेग दिवसाला साधारण दीड मिलिमीटर आहे. ही संथ झीज, हौशी लोक जिला एसटीएन (स्लो टिश्यू नेक्रोसिस) म्हणतात ती. अख्खी फांदी शुभ्र आणि कुठेच साय नाही, तर ते एक-दोन दिवसांत झालंय. ते आरटीएन (रॅपिड टिश्यू नेक्रोसिस), आणि तिथे विचार करत बसायला वेळ नसतो. तुमच्या वर्णनावरून संथ झीज आहे. अंदाजावर राहू नका: रोज ठरलेल्या वेळी, त्याच कोनातून फोटो काढा आणि कडा प्लगपासून (कोरल चिकटवलेली बैठक) कितव्या कोरलाइटवर आहे ते लिहून ठेवा. "वाढतंय की थांबलंय" याचं उत्तर डोळ्यांना चार दिवसांत नीट देता येत नाही, फोटोला येतं.

तिसरी गोष्ट, कडेचा पोत. बास्टरने, म्हणजे रबरी फुग्याच्या मोठ्या पिचकारीने, कडेवर हलका फवारा मारा. टिश्यू घट्ट बसलेला असेल आणि कडा रेघ ओढल्यासारखी स्वच्छ असेल तर तो रसायनाचा किंवा उपासमारीचा ताण. ओल्या टिश्यू पेपरसारखे लोंबते तुकडे सुटून वाहू लागले तर ती आरटीएन. आणि कडेच्या वर, अजून जिवंत असलेल्या टिश्यूवर, साधारण एक मिलिमीटरचे फिकट गोल ठिपके विखुरलेले दिसले तर थांबा: ते अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याच्या चाव्यांचे ठसे आहेत.

सुरुवात कुठून झाली यालाही अर्थ असतो. टोकं आधी जळाली तर अल्कलिनिटी जास्त आणि पोषण कमी, किंवा दिवा अचानक वाढवला. फक्त एकाच बाजूने गेला तर शेजारी कोण आहे ते बघा. टॉर्च आणि गॅलेक्सिया रात्री लांब डंखतंतू सोडतात, ते १५ सेंटिमीटरच्याही पुढे पोहोचू शकतात. दिवे बंद झाल्यावर दोन तासांनी लाल विजेरीच्या उजेडात बघितलं की कळतं. दाट झुडपासारख्या कॉलनीच्या आतल्या, सावलीतल्या फांद्यांचं बूड महिनोन्‌महिने तसंच पांढरं-हिरवं राहतं आणि वर सरकत नाही, तो आजार नव्हे. बुडापासून वर सरकणारी रेघ मात्र बहुतेक वेळा पाण्यातल्या बदलाची असते: बूड हा कॉलनीचा सर्वांत जुना भाग, तिथे उजेड आणि प्रवाह सर्वांत कमी, त्यामुळे तंगी आली की कोरल तोच भाग आधी सोडतो.

आता हिशेब करू, कारण तो तुमच्या आकड्यांशी चपखल बसतो. रीफ टाकीसाठी विकली जाणारी काही मिठं मिसळल्यावर ११ ते १२ डीकेएचला बसतात. तुमचं ११.५ ला बसत असेल असं धरा. ८ च्या टाकीत २० टक्के पाणी बदललं की ०.२ गुणिले ३.५, म्हणजे ०.७ ने वाढून ८.७. दुसऱ्या आठवड्यात ९.२६. तिसऱ्यात ९.७. तुमचं मोजमाप ९.८ आहे. वरचा तो थोडासा फरकही समजतो: ताणात कोरलची वाढ मंदावली, अल्कलिनिटीचा खप घटला आणि अल्कलिनिटीचं द्रावण रोज टाकणारा डोसिंग पंप मात्र जुन्याच मापाने टाकत राहिला. डोस आणि मीठ तेच असताना अल्कलिनिटी चढत असेल तर कोरल वाढायचे थांबलेत असं समजावं. पांढरं दिसायच्या आधीच ही खूण मिळू शकते.

नुसतं ९.८ काही वाईट नाही. नायट्रेट १० आणि फॉस्फेट ०.०८ असलेल्या टाक्या ९.८ वर छान चालतात. अडचण जोडीत आहे. अल्कलिनिटी जास्त असली की सांगाडा भराभर बनू पाहतो, पण त्यावर चढणाऱ्या टिश्यूला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो, आणि तो जीएफओने काढून घेतला. जीएफओ फॉस्फेट किती भराभर ओढतं याचा अंदाज बहुतेकांना नसतो; लहान टाकीत पूर्ण मापाने भरलं तर दोन-तीन दिवसांत फॉस्फेट तळाला जातं.

खात्रीसाठी चार मोजमापं करा. नवीन मिसळलेल्या पाण्याची अल्कलिनिटी मोजा, चोवीस तास ढवळून झाल्यावर. ही एकच चाचणी वरचा सगळा हिशेब खरा की खोटा ते सांगेल. मग रिफ्रॅक्टोमीटर तपासा, पण आरओच्या (गाळून क्षार काढलेल्या) पाण्याने शून्यावर लावून नव्हे. तसं लावलेलं यंत्र ३५ पीपीटीवर (हजार भागांत ३५ भाग मीठ) चुकू शकतं. ३५ पीपीटीचं प्रमाणित द्रावण वापरा. ते नसेल तर काहीही न मिसळलेलं साधं मीठ ३६.५ ग्रॅम आणि आरओ-डीआय पाणी ९६३.५ ग्रॅम वजन करून मिसळा. रिफ्रॅक्टोमीटरवर ते ३५ दाखवायला हवं. तिसरं, फॉस्फेट. रंग जुळवायच्या किटवरचं "शून्य" म्हणजे ०.०० पासून ०.०५ पर्यंत काहीही असू शकतं, आणि नेमक्या याच पट्ट्यात आपल्याला फरक हवा आहे. हॅना कंपनीचा फॉस्फरसवाला चेकर (छोटं मीटर) फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जांशात) देतो, त्याला ३.०६६ ने गुणा आणि हजाराने भागा, म्हणजे १० पीपीबी हे ०.०३ पीपीएम फॉस्फेट. चौथं, आरओ-डीआयच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य येतो का, आणि तुमच्या गावच्या पाणीपुरवठ्यात क्लोरामाइन (क्लोरीनपासूनचं जंतुनाशक) आहे का. टीडीएस मीटरला क्लोरीन दिसत नाही, त्यामुळे फिल्टरमधल्या कार्बन ब्लॉकची मुदत वेगळी पाळावी लागते.

कोळंबी आणि गोगलगायी ठणठणीत आहेत हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं. तांबं किंवा कीटकनाशक पाण्यात असतं तर आधी त्या पडल्या असत्या. (डास मारायचं मशीन टाकीच्या खोलीत लावत असाल तर तेवढं काढा. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) खोलीतली हवाच पाण्यात घुसळतो, आणि त्या द्रवातलं रसायन कोळंबीला विषारी असतं.) तरी वेव्हमेकरचं (प्रवाह देणाऱ्या पंपाचं) चुंबक एकदा काढून बघा. प्लॅस्टिकच्या आवरणाला केसाएवढी चीर पडली तरी आतला धातू गंजतो आणि महिनोन्‌महिने पाण्यात सुटत राहतो. आवरण फुगलेलं किंवा तपकिरी डागाचं दिसलं तर तो पंप परत पाण्यात जाऊ देऊ नका.

हे सगळं जुळलं तर आता दुरुस्ती, आणि ती सावकाश. जीएफओ पूर्ण काढा. अल्कलिनिटीचा डोस बंद करा, पण ती खाली आणायला आम्ल वगैरे घालू नका. कोरल स्वतः वापरून ती उतरवतील. रोज एकाच वेळी मोजा. समजा तीन दिवसांत ९.८ वरून ८.६ झाली, म्हणजे खप दिवसाला ०.४. ८.५ च्या आसपास आली की त्याच खपाएवढा डोस परत सुरू. खायचा सोडा वापरणार असाल तर १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम लागतो. दगड-वाळू वजा जाता तुमच्या टाकीत २६० लिटर पाणी धरा: ०.४ गुणिले २.६ गुणिले ३, म्हणजे दिवसाला ३.१ ग्रॅम, तोही दोन-चार हप्त्यांत, प्रवाहाच्या जागी. १ डीकेएच खपला की सोबत साधारण ७ पीपीएम कॅल्शियमही खपतं. ४३० वरून ते अचानक गडगडणार नाही, आठवड्याला एकदा बघितलं तरी पुरे.

उलट्या दिशेची घाईही तितकीच महाग पडते. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त हलवू नका. आजारी अ‍ॅक्रोपोरासाठी अर्धाच बरा. "दुरुस्ती"च्या आठवड्यातही कॉलन्या मरतात, आणि बहुतेकदा याच घाईमुळे. म्हणून ४० टक्के पाणी बदलून टाकावं असं वाटत असेल तर थांबा, कारण तेच ११.५ चं पाणी तुम्ही अजून ओतणार आहात. तीन-चार आठवडे फक्त ५ टक्के बदला, त्याने फार तर ०.१५ चा फरक पडेल. पुढे ८ ला बसणारं मीठ आणा.

नायट्रेट २ ते ५ आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.०५ वर न्यायचं आहे. साधा मार्ग: माशांना दिवसातून एकदाऐवजी तीनदा खायला द्या आणि स्किमर रात्री बंद ठेवा. मासे कमी असतील तर सोडियम नायट्रेट, खाद्य दर्जाचं. १ ग्रॅमने १०० लिटरला ७.३ पीपीएम चढतं, म्हणजे तुमच्या २६० लिटरला १ पीपीएमसाठी ०.३६ ग्रॅम. रोज तेवढंच, आणि ३ वर पोचलं की थांबा. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेटचं, बारा पाण्याच्या रेणूंचं, ४ ग्रॅम एक लिटर आरओ-डीआय पाण्यात विरघळवा. या द्रावणाच्या ५ मिलिलिटरने तुमच्या टाकीत ०.०२ चढेल. पहिले काही दिवस मात्र टाकलेलं दुसऱ्या दिवशी गायब झालेलं दिसेल, कारण जीएफओने उपाशी ठेवलेले दगड आणि वाळू आधी स्वतःची भूक भागवतात. डोस चौपट करू नका. रोज मोजा आणि तेवढाच टाकत राहा. काचेवर परत थोडं हिरवं दिसू लागेल, ते चांगलं लक्षण आहे. ही टाकी शून्यावरच ठेवलीत तर पुढचा पाहुणा डायनोफ्लॅजेलेट, तपकिरी, बुडबुडे धरलेली शेंबडी लाळ, आणि ती घालवणं या झिजेपेक्षा कितीतरी अवघड.

किड्यांची तपासणी वगळू नका, आकडे कितीही जुळले तरी. दोन्ही अ‍ॅक्रोपोरा प्लगसकट काढता येत असतील तर टाकीच्याच ४ लिटर पाण्यात कोरल डिप (किडे पाडणारं औषधी द्रावण) लेबलवरच्या प्रमाणात घाला, आणि डिपमध्येच पिचकारीने जोरात फवारे मारा. पांढऱ्या तळाची बादली घ्या. चपटा किडा पारदर्शक, नखाच्या कडेसारखा, कोरलच्याच रंगाचा असतो. टाकीत दिसत नाही, पांढऱ्या तळावर दिसतो. मग बुडाजवळच्या उघड्या सांगाड्यावर तपकिरी ठिपक्यांचे पुंजके शोधा. ती अंडी. कुठलाही डिप अंडी मारत नाही, म्हणून पुंजके खरवडून काढावे लागतात किंवा तेवढा सांगाडा तोडून टाकावा लागतो, आणि दर पाच-सात दिवसांनी डिप निदान सहा आठवडे चालू ठेवावा लागतो. हा क्रम मध्ये सोडला तर सगळी मेहनत पाण्यात. मॉन्टिपोराची कड गेली आहे तिथे ती उलटी करून खालची बाजू बघा. तांदळाच्या कणीएवढी पांढरी, केसाळ दिसणारी न्यूडिब्रँक (कवच नसलेली समुद्री गोगलगाय) तिथे लपलेली असते. उघड्या सांगाड्यावर काटेरी अळ्या दिसल्या तर त्यांना दोष देऊ नका, त्या मेलेलं साफ करायला आलेल्या असतात.

कापायचं कधी? कडा रोज एक मिलिमीटरने सरकतेय तोवर आकडे दुरुस्त करा आणि थांबा, पण विम्यासाठी प्रत्येक कॉलनीचं एक निरोगी टोक आजच काढून ठेवा. कापायची जागा कडेपासून निदान दीड-दोन सेंटिमीटर वर, पूर्ण रंगाच्या टिश्यूत. कडेला लागून कापलेला तुकडा आजार सोबतच घेऊन जातो. हाड कापायची कातर घ्या, एका झटक्यात कापा, चिरडू नका. वेगळ्या भांड्यात टाकीच्या पाण्यात ५ टक्क्यांचं लुगॉल (आयोडीनचं द्रावण) घाला, लिटरला ५ ते ८ थेंब, पाणी फिक्या चहाच्या रंगाचं दिसेल इतकंच, आणि तुकडा त्यात दहा मिनिटं ठेवा. मग टाकीच्या स्वच्छ पाण्यात हलवा आणि जेलवाल्या सुपरग्लूने प्लगवर बसवा; कापलेलं टोक पूर्ण गोंदात बुडलं पाहिजे. मधला प्रकाश, चांगला पण थेट न आपटणारा प्रवाह. एखादा तुकडा मित्राच्या टाकीत गेला तर उत्तम. आयोडीन वापरायचं ते असं, बाहेरच्या भांड्यात, मुख्य टाकीत कधीच नाही. आणि एखादी कॉलनी तासातासाला सोलली जाऊ लागली तर मात्र लगेच बाहेर काढा, वरची टोकं वाचतात का बघा, बाकी टाकून द्या. सडता टिश्यू टाकीत राहिला तर शेजारच्यांना धोका.

मोठी कॉलनी तोडवत नसेल तर एक मधला उपाय आहे: पाण्याबाहेर काढून कडेच्या रेघेवर, अर्धा सेंटिमीटर जिवंत भागावर चढेल असा, सुपरग्लू जेलचा बांध घालायचा. संथ झिजेत तो कधीकधी रेघ थांबवतो. किडे असतील तर याचा उपयोग शून्य.

टॉर्च आक्रसणं बहुधा याच ताणाचं आहे, पण त्याच्याकडे दिवसातून दोनदा बघा. एखाद्या मुखावर तपकिरी, चिकट, जेलीसारखा गोळा दिसला आणि फवारा मारल्यावर धाग्याधाग्याने सुटला, तर तो ब्राउन जेली; त्यात सूक्ष्म रोमजीव मरत्या टिश्यूवर ताव मारत असतात. जेली वाहून दुसऱ्या टॉर्चवर किंवा हॅमर कोरलवर पडली तर तिथेही सुरू होऊ शकते. पंप बंद करा, हवेच्या पंपाच्या बारीक नळीने जेली बादलीत ओढून घ्या, ते पाणी परत टाकीत जाऊ देऊ नका. मग कोरल बाहेर काढून ते मुख फांदीच्या मधोमध करवतीने वेगळं करा आणि उरलेल्यांना वर सांगितलेला आयोडीन डिप द्या. अँटिबायोटिकला जागा असेल तर ती इथे, आणि तीही वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत घातलं तर दगडांतले अमोनिया-नायट्राइट पचवणारे जिवाणू धोक्यात येतात.

अँटिबायोटिकचा विचार बहुधा फ्लोरिडाच्या बातम्यांवरून आला असावा. २०१४ पासून तिथल्या समुद्रात दगडी कोरलांचा टिश्यू सोलणारा साथीचा आजार पसरला आहे आणि त्यावर अ‍ॅमॉक्सिसिलीनची पेस्ट कडेवर लावतात, हे खरं. पण तो मेंदूसारख्या आणि खांबासारख्या कोरलांना धरतो. अ‍ॅक्रोपोरा त्याला बळी पडत नाहीत. तुमच्या टाकीतली झीज ती नव्हे.

पीएच ७.९ कडे दुर्लक्ष करा. हिवाळ्यात घर बंद असलं की घरातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पीएच उतरतो, त्याने टिश्यू सुटत नाही. तो चढवायला चुन्याची निवळी, म्हणजे कालक, सुरू केलीत तर अल्कलिनिटी पुन्हा वर जाईल. खिडकी थोडी उघडा किंवा स्किमरची हवेची नळी बाहेर काढा. कार्बन मात्र ताजा ठेवा, १०० लिटरला अर्धा कप, दर तीन आठवड्यांनी नवा. मरत्या टिश्यूतून सुटणारं बरंच काही तो उचलतो.

एखादी कॉलनी गेलीच तर जागा भरायची घाई दोन महिने तरी करू नका. आणि सुट्टीत मालवणला गेलात तर तिथला तुकडा, मेलेलासुद्धा, पिशवीत घालू नका: भारतात सगळे दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि आंतरराष्ट्रीय वाहतुकीला साइटीसचा (संकटातल्या प्रजातींच्या व्यापारावरचा जागतिक करार) परवाना लागतो.

आकडे जागेवर आल्यावरही रेघ आठ-दहा दिवस सरकत राहू शकते, कारण आज सुटणारा टिश्यू मागच्या पंधरवड्याचा ताण भोगतोय. त्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका. थांबल्याची खूण अशी: शुभ्र पट्टा सगळा हिरवट होतो, नवीन शुभ्र दिसत नाही, आणि भिंगातून बघितलं तर टिश्यूची कडा पातळ धारेऐवजी किंचित गोल, जाडसर झालेली असते. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत तीच कडा गोंदावर किंवा शैवालावर चढायला लागली, की डोसिंगचा खप परत मोजा. तो आता वाढलेला असेल.